लाल बोयापर्यंत

बुरुलनं एकतीस वर्षं
बालिक्चीच्या स्टेशनावर, तिकिटाच्या खिडकीआडून
लोकांना एकच विचारलं : कुठं जायचंय?
जो जे सांगेल ते फाडून हातात दिलं.
खिडकीच्या आतल्या बाईला
उलट कोण विचारणार?

निवृत्त झाली त्याच आठवड्यात
माझ्या टपरीशी येऊन म्हणाली,
"एर्मेक, मला पोहायचंय."
मी धुरी दिलेला मासा कागदात बांधत होतो.
सहज म्हटलं, "कुठवर?"
"त्या लाल बोयापर्यंत."

आता हे सरोवर आमच्या दारातलं.
कडाक्यातही गोठत नाही,
म्हणून त्याचं नावच ऊन पाण्याचं.
पण गावातल्या बायका त्यात गालिचे धुतात,
पाणी गुडघ्याच्या वर चढलं की मागं फिरतात.
बुरुलही साठ वर्षं
काठावरच पास होत आली होती.

तिनं पोस्टाच्या कॅलेंडरवर लिहिलं, शाईनं.
पेन्सिलीनं लिहिलेलं खोडता येतं, म्हणाली.
दहा जून : छातीपर्यंत.
जूनअखेर : डोकं बुडवणे, डोळे उघडे.
जुलै : पाय सुटले पाहिजेत.
कशापासून, ते लिहिलं नव्हतं.

लोक हसले. हसतातच.
नणंद तुर्सुनाय म्हणाली, या वयात माणसं
जायची तयारी करतात, पोहायची नाही.
मॉस्कोतला मुलगा फोनवर ओरडला.
"रेंज जातेय बाळा," बुरुल म्हणाली.
रेंज चांगली होती.

पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी गेलं.
दुसऱ्या दिवशीही.
खोकत वर आली, माझी चहाची किटली अर्धी केली,
आणि घरी जाऊन कॅलेंडरच्या त्या चौकोनात
काहीच लिहिलं नाही.

खरं सांगू, मला तिचं हे कोष्टक पटत नव्हतं.
माणसानं कसं वाऱ्यासारखं असावं, वगैरे माझं.
वाऱ्यासारखा असलेला मी
एकोणीस वर्षं त्याच टपरीत बसून होतो.

ऑगस्टात ती साठ हात मारू लागली. मग नव्वद.
बोया एकशे चाळीस हातांवर,
हा तिचाच अंदाज.
गिऱ्हाईक सोडून मीही मोजायला लागलो.
दोन मासे करपले.

आणि सप्टेंबरात, तारखेला आठवडा उरला असताना
वादळ आलं, बोया घेऊन गेलं.
सकाळी बघतो तर नुसतं पाणी,
सपाट, निळं,
काही कबूल न करणारं.
मला वाटलं, सुटली बिचारी.
कुठं जायचंय, हा प्रश्नच मिटला.

तिनं चपला काढल्या.
डोक्याचा रुमाल दगडाखाली ठेवला.
एकशे चाळीस हात मोजले
आणि जिथं काहीच नव्हतं
तिथून वळली.

बाहेर आली तेव्हा ओठ जांभळे.
मी विचारलं, काय होतं तिथं?
दातांवर दात वाजवत म्हणाली,
"तिथून माझं घर दिसतं रे.
धुराडं वाकडंय.
चाळीस वर्षं त्या घरात चूल पेटवली,
कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे शिडी मागायला आली.

त्या रात्री मीही एक ओळ लिहिली,
हाताशी होतं त्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात,
खाली तारीख घालून.
सकाळच्या गर्दीत तोच कागद
एका माशाभोवती गुंडाळला गेला.
बिश्केकच्या बसमध्ये कुणीतरी
काटे काढता काढता
माझा संकल्प वाचत असेल.

वाचू दे. ओळ मला पाठ आहे,
तारीख तेवढी नक्की आठवत नाही.
बुरुलकडे चाललोय, कॅलेंडर बघायला.
शिडीही परत आणायचीय.