ल्हव गो

म्हापशाच्या शुक्रवारी, पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरसोबत
तीस रुपयांत मिळाली ही सात इंची तबकडी.
वेष्टन नव्हतं. खाऱ्या बांगड्याचा वास होता,
तीन वेळा धुऊनही तो गेला नाही,
मग मीच त्याला राहू दिलं.

लेबल निळं, अर्धं खरवडलेलं.
लिंडा कोल. नैरोबी.
आणि साल असायला हवं तिथं
कुणाच्या तरी पोराने पेनाने काढलेला मासा.

लंडनचा एक संग्राहक मला पत्रात लिहितो :
बाई नक्की डेट्रॉइटची. गळ्यात असं देऊळ
दुसरीकडे कुठं बांधलं जात नाही.
आणि गाण्याआधी, ड्रमच्या काठीच्या चार ठोक्यांनंतर
एक पुरुष पुटपुटतो ते ऐका : 'लव्ह, गो.'
त्यावर त्याची अडीच पानं.
प्रेमाला निरोप, वगैरे.

मी रात्री दोनला कान लावून ऐकलं.
चार ठोके. कुणाचा तरी श्वास. आणि

ल्हव गो.

हळू, बाये. सावकाश.
भरली कळशी घेऊन शेवाळल्या पायऱ्या चढणाऱ्या
माझ्या बहिणीला आई हेच तर म्हणायची.
डेट्रॉइटात हे कोण म्हणणार?

मग कोल म्हणजे कुलास असणार,
आणि लिंडाच्या पुढचं काहीतरी गळलेलं.
चिंचोणेची तेओदोलिंदा पोट धरून हसली,
म्हणाली, मी लदाईनीतसुद्धा नुसते ओठ हलवते.
रायची फ्लोरिंदा दोन पावसाळ्यांपूर्वीच गेली होती,
तिच्या सुनेने मला विम्याचा माणूस समजून कागद दाखवले.
दिवाडीला तर फेरीच चुकली.

तबकडीच्या आत, जिथं गाणं संपून
सुई नुसतीच घुटमळते, त्या कोऱ्या पट्ट्यावर
खिळ्याने कोरलेलं होतं : ई. सी., कुर्त.
कुर्त म्हणजे कुडतरी,
हे कळायला मला पाऊण वर्ष लागलं.
भिंग होतं. अक्कल नव्हती.

मिरांव बोस्त्यांवने बाप्तिस्म्याची वही उघडली,
वाळवीने खाल्लेल्या ओळींवर नख फिरवलं :
सांतान, एकेचाळीस.
एर्मेलिंदा, चव्वेचाळीस.
"तळ्याकडे जा," म्हणाला, "घरीच असेल. कुठं जाणार आता."

ती बल्कांवावर ओले काजूगर सोलत होती,
चिकाने बोटं काळी.
"लिंडा कोल? तें नांव तांणी घातलें.
म्हाका कोणें विचारलें ना."
मी बॅटरीवरचा प्लेअर सोपोवर ठेवला.
मला विचारायचं होतं : स्टुडिओ कुठला, ट्रम्पेट कुणाचा,
किती प्रती, मोबदला काय. एकवीस प्रश्न, क्रमांक घालून.

चार ठोके. ल्हव गो.
गाण्याचा पहिला शब्द येताच तिने हात वर केला.
"पुरो. परत घाल."

सुई उचलली, मागे ठेवली.
"परत."

"म्हजो भाव," ती म्हणाली. "हांव सदांच धांवतालें."
सांतान नैरोबीहून आला नाही,
का, ते तिने सांगितलं नाही,
आणि माझ्या यादीत तो प्रश्नच नव्हता.

प्रत्येक वेळी सुई टेकते तिथं खोबण झिजते,
हे मला तिच्याहून चांगलं ठाऊक.
नवव्या खेपेला ठोक्यांच्या आधी
तव्यात मासळी सोडल्यासारखा आवाज यायला लागला.
अकरा वेळा लावलं.
"पुढचं ऐकायचं नाही?"
"तें हांवेंच गायलां. म्हाका खबर आसा."

काल लंडनहून पुन्हा पत्र आलं. भाव वाढवलाय,
फक्त अवस्था काय ते कळवा.
मी लिहिलं :
सुरुवातीला खरखर.
लेबलावरच्या माशाला काजूच्या चिकाचा डाग, निघणार नाही.
पुढचं सगळं कोरं,
मी काढलेले ओरखडे सोडले तर.