पाव फेरा

कोचाबांबाच्या धावपट्टीच्या कडेला
तीन विमानं उभी आहेत.
शेपटीवर देशाचा झेंडा,
कागदावर एकाच माणसाची सही.

दर शुक्रवारी कासियानो आयावीरी येतो,
खांदा लावून चाकं पाव फेरा ढकलतो.
एकाच जागी भार राहिला की टायर बसतो, म्हणतो,
माणसासारखा.
पगार थांबून चौदा महिने झालेत.

पहिलं विमान उतरलं तेव्हा
बायकांनी चाकापाशी मक्याची दारू ओतली होती,
जमिनीचा वाटा म्हणून.
मालक जिन्यावरून ओरडला, "हे तुमचंच!"
आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग माद्रिद, मायामी. जेवणाबरोबर काचेचे पेले,
मग प्लास्टिकचे,
मग पेल्यांशिवाय नुसतं हसू.
एका रात्री तर इंधनवाला रोख मागत अडून बसला;
प्रवाशांनीच टोपी फिरवली.

मालक गेला
दुसऱ्या कंपनीच्या विमानानं,
खिडकीजवळची जागा घेऊन.

कोंडोर विणलेली आमची पांघरुणं
आता बाजारात बटाट्यांवर घालतात.
थंडी अडते म्हणे.

"आता कोण उडवणार हे?" मी विचारलं.
कासियानोनं हात पँटला पुसले.
"उडायचं कोण म्हणतंय?
उभं तरी नीट राहू दे."