हात लावू नये

कन्ना चौकाच्या मागं, बंद पडलेल्या कारखान्यात
गुंडेटी मास्तरांनी संग्रहालय मांडलंय.
तिकीट दहा रुपये. चपला बाहेर.
जिथं माग रोवलेले होते
तिथं फरशीत अजून चार-चार भोकं,
त्यांवर आता टेबलं, टेबलांवर रेडिओ.

मास्तर छडीनं दाखवत चालतात.
हा व्हॉल्व्हचा, तापायला मिनिटभर घेतो.
हा चामड्याच्या झग्यातला, अक्कलकोटच्या कंपाउंडरचा,
सायकलच्या दांडीला लटकून गावोगाव फिरलेला.
हा टीव्ही लाकडी दारांचा. दारांना कुलूप.
किल्ली हरवली, म्हणून तसाच आणून दिला कुणी.
आत शेवटचं काय लागलं होतं, कोण जाणे.

काचेखाली परवान्याचं पुस्तक, त्यावर पोस्टाचे शिक्के.
ऐकायलाही पैसे भरायचे, हे वाचून
माझी मुलगी हसते. तिला थट्टा वाटते.

आणि खिडकीशी तो.
जाळी फाटली तेव्हा नायनांनी लावलेला
चादरीचा तुकडा तसाच आहे:
मोराची मान, अर्धा पिसारा.
आवाज त्यातून गुदमरत यायचा,
शेजारी नावं ठेवायचे.
नायनांना काय त्याचं?
मागांनी त्यांचे कान केव्हाच नेले होते.

तरी रात्री जेवण झालं की सेट लागायचा.
तळहात खोक्यावर ठेवून बसायचे,
बोटांना अजून सूत लागलेलं.
‘बातम्या संपल्या’ म्हणायचे,
आणि खरंच संपलेल्या असायच्या.

एकदा आम्ही भावंडांनी हळूच बटण फिरवलं.
हात न काढता त्यांनी विचारलं,
‘लाईट गेली काय रे?’
डोक्यावर बल्ब जळत होता.
ते खोक्याकडेच बघत होते.
आम्ही ‘हो’ म्हणालो.

पुढं भावानं तो भंगारात घातला.
मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

‘तुमच्यातला होता काय?’ मास्तर विचारतात.
पाटी उचलून खिशात घालतात,
प्लग लावतात. ‘स्टेशन पकडत नाही हं.
नुसता घरघरतो.’

मिनिटभर काही नाही.
मग डायलमागं पिवळं होतं,
आणि तळव्यात, मनगटात,
लांबच्या गल्लीत माग चालू असावेत
तसं काहीतरी.

डोळे मिटूनच मुलीला विचारते,
लाईट आहे ना गं?

ती वर बघत असणार.
आहे, म्हणते. आहे की.