तीनशे अठरा मैल

झिरो माइलपाशी गाडी लावली तेव्हा
पावणेसहा झाले होते, डिसेंबर होता,
आणि चारही घोडे अंधारातून
नुसते पुढचे पाय बाहेर काढत होते.
बाबा उतरले. म्हणाले, लाइट चालू ठेव.
दगडावरून बोट नेत नेत थांबले: हैदराबाद, ३१८.
"मैल हायेत हे. अन् कोरलेले.
रंगाचं कामच नाही इथं."
जरा नाराजच झाले.

कवडू लांजेवार, पेंटर, बांधकाम खातं.
एकतीस वर्षं वर्धा रोडचे दगड रंगवले.
माथा पिवळा, अंग पांढरं, अक्षर काळं.
हैदराबाद हा शब्द त्यांनी जितक्यांदा काढला
तितक्यांदा मला हाक मारली नसेल.
ह वरच्या दोन मात्रा
भर मे महिन्यातही कधी ओघळू दिल्या नाहीत.
वडनेरच्या अलीकडे त्यांची हद्द संपायची.
पुढचे दगड दुसऱ्या कोणाचे.
पुढे ते कधी गेले नाहीत,
काम नव्हतं.

मी जुनी वॅगनआर घेतली, हप्त्यावर.
चार दिवसांची यादी केली, रात्री जागून:
कुंतालाचा धबधबा, निर्मलची लाकडी खेळणी,
वरंगळचे खांब, गोवळकोंडा.
त्यांनी कागद चष्म्याला लावला.
"बराबर हाय. पण अंतरं काऊन नाही लिवली?"

चिंचभवन गेलं, बुटीबोरी गेली,
हिरव्या पाट्या डोक्यावरून जात राहिल्या.
रस्ता रुंद झाला तेव्हा दगड निघाले,
हे त्यांना माहीत होतं.
तरी डावी काच पूर्ण खाली,
कानटोपी घालून, बाहेर बघत.

जामला चहाच्या टपरीमागे एक सापडला.
आडवा. त्यावर बाई अद्रक कुटत होती.
बाबांनी माझ्याकडून गाडीची किल्ली घेतली
आणि खरवडायला बसले.
पिवळा, पांढरा, पुन्हा पांढरा,
मग एक नऊ. फक्त नऊ.
"शेपटी पाह्य याची. माझाच हाय."
बाई म्हणाली, काका, नेता का काय दगड?
मंग मी अद्रक कायवर कुटू?
त्यांनी तिला आधी कुटू दिलं.
नवाच्या पोटात आल्याचा रस साचला.
दोन चहा झाले. दोन्ही तिथलेच.

पैनगंगेच्या पुलापलीकडे पहिली पाटी आली.
तेलुगू. गोल गोल, वेटोळी, जशी काही
गरम तेलात सोडलेली जिलबी.
"थांबव."
मागून ट्रक बोंबलत गेला.
ते पाटीखाली उभे, मान वर, तोंड उघडं.
"याला वरची रेघच नाही."
नसतेच, मी म्हटलं.
"मंग लोंबतात कायले?"
मला उत्तर आलं नाही.
एकतीस वर्षं या माणसाने आधी रेघ मारली,
मग तिला एकेक अक्षर टांगलं.

चार दिवसांचे फोटो आत्ता पाहते आहे.
गोवळकोंडा एका फोटोत आहे, तोही तिरपा.
बाकी बाबांची पाठ, आणि पाठीपलीकडे
पानटपऱ्या, दवाखाने, बसचे फलक,
निर्मलमध्ये एक म्हातारा लाकडी पोपटाला डोळा काढतोय
आणि हे दोघे, भाषा नसताना,
ब्रशच्या केसांवर तासभर बोलतायत.
वरंगळला गेलोच नाही.

परत येताना आकडे उतरत गेले.
अजनीपाशी म्हणाले,
"नागपूर शून्य, असा दगड मले
कोणी रंगवाले देल्लाच नाही."
सिग्नल सुटला. मी गिअर टाकला.

घरी आल्यावर जुन्या कॅलेंडरची पाठ घेतली,
हैदराबाद लिहिलं. रेघ न मारता.
लांबून पाहिलं, जवळून पाहिलं.
"उभं राह्यते," म्हणाले, "पडत नाही."
वाळायला ओट्यावर ठेवलं.
संध्याकाळी आईने त्यावर मेथी निवडली.