उसात गेलेला चेंडू

आकाशकंदील उतरले की आमचा हंगाम सुरू होतो,
कारखान्याचा आणि आमचा, एकाच आठवड्यात.
रविवारी पहाटे सव्वासहा.
उशिरा येणाऱ्यानं चहा पाजायचा हा नियम,
आणि उशिरा येणारा कायम फिरोज बागवान,
त्यामुळं चहाची कधी चिंता नसते.

मैदान नऊ खड्ड्यांचं. अठरा खेळायचे असतील
तर तेच नऊ परत,
फक्त थोडं दमून.

पंचगंगेकडून धुकं येतं
आणि तिसऱ्या झेंड्यापाशी बसून राहतं म्हशीसारखं.
तेव्हा चेंडू कानांनी शोधायचा.
टप् म्हणजे हिरवळ.
ठक् म्हणजे बाभूळ.
काहीच नाही म्हणजे ऊस.
शिंत्रे बाई शाळेत पीटी शिकवायच्या,
त्या धुक्यातूनच सांगतात,
"डावीकडं, चाळीस पावलं. आणि वकील, मान वर केलीत तुम्ही."
वकिलांनी मान वर केलेलीच असते.

थंडीत आमचा पंच म्हणजे दव.
चेंडू फिरला की मागं काळसर रेघ उरते,
कुठून आला, किती वाकडा, कुठं दमला,
उन्हं येईस्तोवर सगळं लिहिलेलं.
माझी वही त्याच्यानंतर.

डिसेंबरातला दुसरा रविवार, तारीख चौदा.
भूपाल मगदूमनं सातव्यावर मारलेला चेंडू
वाजलाच नाही.
ते न वाजणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.
तो उसाच्या कडेनं गेला,
एक हात काठीवर, एक खिशात,
आणि जरा वेळानं ओरडला, "घावला रं!"

मी जवळच होतो.
कापलेल्या गवतात चेंडू, पांढरा, कोरडा,
भोवतीचं दव जसंच्या तसं.
एकही रेघ नाही.
मगदूम चेंडूवर निळ्या पेनानं तारीख घालतो, दर रविवारी.
ह्याच्यावर तीही नव्हती.

मी वहीत पाच लिहिले.
एका फटक्यानं हरलो, मिसळ माझ्याकडं लागली.
त्यानं दोनदा कट मागून घेतला,
नाक पुसत, माझ्याकडं न बघता.

जानेवारीत तो पुण्याला गेला, पोराकडं,
दोन्ही गुडघे नवे बसवायला.
संक्रांतीनंतर टोळी आली, ऊस तुटला.
आठ दिवसांत तारेपलीकडं नुसतं आभाळ,
पाचट, आणि लांबवरच्या गुऱ्हाळातला
काहिलीचा गोडसर धूर.

टोळीतली एक पोरगी, नऊ-दहा वर्षांची,
बादलीभर चेंडू घेऊन तारेशी उभी राहिली.
"धाला एक."
बागवानची गुळाची अडत, तीन पिढ्यांची.
त्यानं पाचला मागितले.
तिनं बादली उचलली आणि चालू लागली.
शेवटी बारानं घेतले.

बादलीत आमचा सगळा हिवाळा, चिखल लागलेला.
शिंत्रे बाईंनी एक चेंडू पदरानं पुसला.
निळ्या शाईत, पुसटसं: १४.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं.
म्हणजे त्यांनाही.
वकील म्हणाले, "वही दुरुस्त करायची का?"
म्हणजे त्यांनाही.
मग स्वतःच निकाल दिला, "मुदत संपली."
बागवान बारानं गुणत बसला होता.

मिसळ येते त्या वेळेला मगदूमचा फोन येतो.
"कोण हरलं?"
"मी."
"परत?"
चेंडू माझ्या खिशात होता, बारका, जड.
म्हटलं, "ऊस तुटला सातव्याचा."
तिकडं रिक्षांचे भोंगे तेवढे ऐकू आले, बराच वेळ.
मग म्हणाला, "कितीला पडला?"
"बाराला."
"महाग दिलास," म्हणाला. "ठेव. चालाय लागलो की येतो."

आता सातव्यावर चेंडू लांबपर्यंत दिसतो.
कुणी तिकडं मारतच नाही.
खोडवा ठेवलाय म्हणे.
दिवाळीपर्यंत डोक्यावर जाईल.