उडीद

सहकारनगर, दुसरा मजला, सकाळचे साडेसात.
दारावर पाटी : कुत्रा चावत नाही.
तरी बेल एकदाच वाजवावी.

मी एकदाच वाजवली.

ढमढेरे काकूंनी फोनवर बजावलं होतं,
डोळे उघडे हवेत, कान उभे हवेत,
आणि तो काळा आहे तर काळाच दिसला पाहिजे.

तेरा वर्षांच्या उडीदने
माझे बूट हुंगले, बॅग हुंगली,
बॅगेवरचा कालच्या गिऱ्हाइकाचा
(कोथरूडचा बीगल, फार बोलका)
सगळा वृत्तांत वाचून काढला
आणि खाटेखाली जाऊन बसला.

काळ्या कुत्र्याचा फोटो काढायचा म्हणजे
रात्री विहिरीत पडलेली कढई शोधायची.
उजेड वाढवला की मागची भिंत जळते,
कमी केला की कुत्रा जातो,
उरतो नुसता पट्टा
आणि त्यावरचा लसीचा बिल्ला.

बारा वर्षं मी लग्नं केली, म्हणजे लोकांची.
नवरदेव म्हणाल तिकडे बघतो,
रुसलेली विहीणसुद्धा क्लिकपुरती हसते.
उडीद माझं काही लागत नव्हता.

गच्चीवर नेला.
तळजईकडून मोर ओरडला, कान ताठ!
मी कार्ड बदलत होते.
मग मी चूं चूं केलं, मांजर केलं,
खुळखुळा वाजवला,
तोंडाने कुकरची शिट्टी काढली.
शेजारच्या गच्चीत पापड वाळत घालणारे गृहस्थ
हातातला पापड तसाच धरून बघत राहिले.
कान उभे त्यांचेच.

"ऐकू कमी येतं त्याला," काकू म्हणाल्या.
"मोर आला की ऐकू!"
"मोर वेगळा."

शेवटी मी पालथी पडले.
फरशी गार, कोपर सोललेलं,
आणि तिथून दिसणारं जग :
कुंड्यांची बुडं, मुंग्यांची रांग,
काकूंच्या भेगाळलेल्या टाचा, एकीला पट्टी,
आणि बरोबर त्या उंचीवर
तांदळाच्या पिठात बुडवून काढल्यासारखं
एक पांढरं तोंड.

तो आला. मागचा पाय पुढच्यापेक्षा जरा उशिरा.
आला, आणि लेन्सला नाक लावलं.
पुढचे चाळीस फोटो धुक्याचे आहेत.
त्यांतले तीन मी कुणालाच देणार नाही.

मग टेबलावर चहा, लॅपटॉप, तीनशे बारा फोटो.
"यात शेपूट कुठंय?"
"हा कुणाचा कुत्रा?"
"यात तो प्रेमाने वगैरे बघत नाहीये, खारी मागतोय."

एक जरा बरा होता.
डावा डोळा मोतीबिंदूने निळसर, उजवा अजून लखलखीत.
नेमका आलाय का बघावं म्हणून
तो उजवा मोठा केला, अजून मोठा केला,
तर आत आख्खी गच्ची.
वाकडी, वाटीच्या बुडाएवढी.
दोरीवर टॉवेल,
बेडकासारखी पडलेली मी,
आणि माझ्या मागे, आभाळाला टेकलेल्या,
खारीचा हात वर धरून
काकू.

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत.
चहावर साय धरली.
"गाऊनवर आहे हो मी."
"फोटो उडीदचा आहे, काकू."
"तरी."

टेबलाखाली तो त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपला होता,
खारी संपल्याची खात्री करून.

"हाच द्या," त्या म्हणाल्या. "पण फार मोठा नको.
कुणाला दिसेल."

पैसे दिले मोजून, एकाच फोटोचे.
मी जिना उतरून, फाटक लावून, रस्त्यापर्यंत आले
तेव्हा वरून हाक आली,
सबंध गल्लीने ऐकली :
"अहो, खाली नाव घालाल ना,
तर नुसतं उडीद नको.
उडीद ढमढेरे लिहा."