दुभाषा

विजयनगरच्या कोर्टात लिफ्ट बंद,
म्हणून फाईल छातीशी धरून तीन मजले चढले.
फाईल तशी हलकीच.
आरोपी मोइनुल, वय अंदाजे बत्तीस,
हळद पॉलिश करायच्या गिरणीत हमाल.
राष्ट्रीयत्व : इथं पोलिसांनी एक शब्द लिहून
त्यावर व्हाइटनर लावलंय,
आणि वाळल्यावर तोच शब्द परत लिहिलाय.

विधी सेवेच्या पॅनेलवर माझं नाव आहे.
चहापुरते पैसे मिळतात, तेही मार्च उलटल्यावर.
सासूबाई विचारतात, असली वकीलपत्रं घेतेस कशाला?
मी मेथी निवडत राहते.

चोरी केली म्हणालात, तर ती सरकारनं शाबीत करायची.
खून केला म्हणालात, तरी सरकारनंच.
परका आहेस म्हणालात की मात्र
परका नाही हे ज्याचं त्यानं दाखवायचं.
अख्ख्या इमारतीत एवढ्याच दाराला
बाहेरून कडी आहे.

दुभाषा मिळेना.
शेवटी सराफ कट्ट्यावर, बोळातल्या जिन्याखाली
डाग देत बसलेला निमाई सामंत सापडला.
मेदिनीपूरचा. बावीस वर्षं झाली इथं.
मराठी अशी, की शिव्यासुद्धा मिरजेच्या.
नाव ऐकून कारकून म्हणाला, सामंत? मालवणचे का तुम्ही?
निमाई हसला. हो-नाही काही बोलला नाही.

साहेबांनी विचारलं, गाव कुठलं?
मोइनुल पुष्कळ वेळ बोलला.
हात एकदा गुडघ्याशी नेला, एकदा छातीशी,
मग डोक्याच्या वर, आणि तिथंच ठेवला.
निमाई म्हणाला, साहेब, तो म्हणतो, नाही.
काय नाही?
गाव नाही. नदीनं खाल्लं.
सरकारी वकील खोकल्यासारखं हसले.
स्टेनोनं टाइप केलं : गाव नाही.

मी निवाडे काढून ठेवले होते, खुणेच्या चिठ्ठ्या लावून.
उठले आणि भलतंच बोलले.
म्हणाले, साहेब, एकोणीसच्या ऑगस्टात
आयर्विनला सत्तावन्न फूट पाणी होतं.
माझी सनद, आईचा जन्मदाखला, घराचा उतारा,
सगळं कपाटातून
ओल्या पापडासारखं सोलून काढलं मी.
मला कुणी विचारलं नाही, बाई, तुम्ही कुठल्या?

साहेब परभणीकडचे, नवीन आलेले.
म्हणाले, हे रेकॉर्डवर घेऊ नका.
पण शिरस्तेदार बाई सांगलवाडीच्या.
त्यांनी शिक्का हवेत धरला
आणि थोडा वेळ तो खाली टेकवलाच नाही.

एक प्रश्न मी मोइनुलला कधीच विचारला नाही.
पोलिसांनी विचारलाय, गिरणीच्या मालकानं विचारलाय,
कोठडीतल्या पाकीटमारानंही विचारून घेतलाय.
माझ्या वाट्याला तो प्रश्न
न विचारण्याचं काम आलंय.
मी एवढंच विचारलं, जेवलास का?
त्यानं नखं दाखवली. अजून पिवळी.
महिनाभर साबण लावूनही हळद निघाली नव्हती.
होलुद, तो म्हणाला.
हे मला दुभाष्याशिवाय कळलं.

तारीख पडली.
शाळेचा दाखला मागवायचा, शाळा उरली असेल तर.
मोइनुलला जिन्यानं खाली नेलं. बेड्यांचा आवाज
दुसऱ्या मजल्यापर्यंत येत होता, मग नाही.

व्हरांड्यात निमाईला भत्त्याचा फॉर्म भरून देत होते,
तेवढ्यात हवालदार जवळ आला.
माणूस वाईट नाही, मुलीच्या बारशाचे पेढे दिले होते त्यानं मला.
म्हणाला, अहो सामंत,
सहज विचारतो,
तुमची कागदपत्रं कुठं असतात?

निमाई सकाळपासून उभा होता,
इकडचं तिकडं करत.
सवयीनं तो वळला,
प्रश्न बंगालीत सांगायला त्यानं तोंड उघडलं.
पिंजऱ्यात कुणी नव्हतं.